लग्नाआधी सांगितलेला आजार

मला सिफिलिस झाला होता. आमच्या भागातली जुनी माणसं त्याला गरमी म्हणतात. तो पूर्ण बरा झाला, त्यालाही बरीच वर्षं झाली. तरी ही तीन वाक्यं कागदावर उतरवायला मला अख्खी दुपार लागली.

मी रहिमतपूरची. शिक्षण बारावी. लिहिण्याची सवय नाही. पण ज्या बाया औषधपाण्याने बऱ्या झाल्यात आणि आता कुणाला तरी सांगायचं राहिलंय म्हणून अडून बसल्यात, त्यांच्यापर्यंत हे पोचावं असं वाटतं. माणसांची नावं बदलली आहेत, बाकी झालं तसं सांगते.

दवाखान्यातून आलेला फोन

लग्न होऊन मी शिरवळला गेले. नवरा संतोष कंटेनरवर ड्रायव्हर होता. महिन्यातले बरेच दिवस तो रस्त्यावरच असायचा. मी तिथल्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. सासूबाई आमच्यासोबत राहायच्या.

पहिल्या वर्षीच एकदा माझ्या तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस ठिपके उठले. खाज नाही, दुखणं नाही. मला वाटलं कंपनीतल्या हातमोज्यांनी आले असतील. मी मोजे बदलून घेतले. मग पायांवरचे कशाने आले, हा विचार काही डोक्यात आला नाही. ठिपके आपोआप गेले आणि मी विसरून गेले.

पुढे दिवस गेले. सरकारी दवाखान्यात नाव घातलं, रक्त तपासायला दिलं. नंतर सिस्टरचा फोन आला, "ताई, रिपोर्टसाठी या. मिस्टरांना बरोबर घेऊन या." मला वाटलं रक्त कमी निघालं असणार. संतोष तेव्हा नागपूरकडे गेला होता, म्हणून मी एकटीच गेले. मला समुपदेशक मॅडमच्या खोलीत पाठवलं. मॅडम उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. दार लागलं तेव्हाच समजलं की हे रक्त कमी असण्यातलं नाही.

"एचआयव्ही नाही. हे आधी ऐक," त्या म्हणाल्या. "दुसरा संसर्ग आहे. शरीरसंबंधातून होतो. इंजेक्शनांनी बरा होतो. तू वेळेत आलीस, बाळालाही वाचवता येईल."

मी विचारलं, "कंपनीतल्या संडासातून झाला असेल का?"

"नाही गं. तसा होत नाही."

त्यांचा मला राग आला. त्यांनी नुसतं "असेलही" म्हटलं असतं तरी मला चाललं असतं. मला तो संडासातूनच व्हायला हवा होता. नवऱ्याशिवाय मी कुणाला ओळखत नव्हते, त्यामुळे दुसरं उत्तर काय असणार ते मला कळत होतं. फक्त ते माझ्या तोंडून यायला नको होतं. मॅडमनी ते वदवूनही घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "कुणाकडून आलं ते शोधायला मी इथं बसलेली नाही. दोघांनाही उपचार लागतील. तू आज पहिलं इंजेक्शन घेऊनच जा."

दुखरे आठवडे

ते औषध घट्ट असतं, दुधासारखं पांढरं. कमरेखाली देतात, आणि पाय संध्याकाळपर्यंत जड राहतो. इंजेक्शन देणारी सिस्टर आधी बाटली दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसायची. म्हणायची, "गार टोचलं की जास्त दुखतं." बाहेर बायांची रांग असायची, तरी तिने कधी घाई केली नाही. आणि कधी माझ्या आजाराचं नाव मोठ्याने घेतलं नाही. त्या दिवसांतल्या कितीतरी गोष्टी पुसल्या गेल्या, पण तिचे ते चोळणारे हात मला आजही दिसतात.

संतोष परत आल्यावर माझ्यासोबत आला, एक इंजेक्शन घेतलं. मोटारसायकलवरून आम्ही घरी आलो. खोलीत आल्यावर म्हणाला, "मला काय झालेलं न्हाई. अंगावर एक ठिपका दाव. तूच रोज कंपनीत जातीस."

मी कुठे गेले नाही, याचा पुरावा कुठून आणायचा? पुढच्या आठवड्यात तो ट्रिपवर गेला. राहिलेली इंजेक्शनं मी एकटी जाऊन घेतली. त्याने त्याची घेतली नाहीत. दवाखान्यातून सक्त सांगितलं होतं की त्याचे उपचार होईपर्यंत जवळ जायचं नाही. तेही त्याने माझ्यावरच राग म्हणून धरलं.

त्याने सासूबाईंना सांगितलं. सासूबाई तशा वाईट नव्हत्या. काय खावंसं वाटतंय म्हणून विचारायच्या, आंबट काही करून घालायच्या. पण माझी ताट-वाटी वेगळी घासायच्या, वेगळी पालथी घालायच्या. त्या ताटाकडे बघत मी जेवत होते. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आले ती परत गेले नाही.

आईला सगळं सांगितलं तेव्हा तिनेही आधी माझे कपडे उकळत्या पाण्यात घातले. मला वाटलं, आता इथेही तेच. पण पुढच्या तपासणीला ती माझ्यासोबत आली आणि डॉक्टरांसमोर उभी राहून तिने विचारलं, "आवं डॉक्टर, ह्ये भांड्याकुंड्यानं, कापडालत्त्यानं हुतं का?" डॉक्टर नाही म्हणाले. त्या दिवशी घरी आल्यावर तिने मला आपल्या ताटात जेवायला वाढलं, आणि मी टाकलेली अर्धी भाकरी तिने माझ्यासमोर खाल्ली.

तन्वी झाली ती सातारच्या दवाखान्यात. तिचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मी तिला पाजत होते, पण मनातसुद्धा तिला नाव देत नव्हते. रिपोर्ट चांगला आला. नंतर माझ्याही तपासण्या होत राहिल्या, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "तू बरी झालीस. एक लक्षात ठेव. यातली एक टेस्ट तुझी कायम पॉझिटिव्ह येऊ शकते. देवीची लस टोचलेल्याचा वण राहतो ना, तसं. कुठं तपासणी झालीच तर आधी सांगायचं, की झालं होतं आणि उपचार पूर्ण घेतलेत."

मी मान हलवली. हे कधी कुणाला सांगायची वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

रेखाताईंचा भाऊ

संतोषशी संमतीने फारकत झाली. मी गावाजवळच्या एका रोपवाटिकेत कामाला लागले. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, बी टाकायचं, रोपं मोजून गाडीत चढवायची. तिथे माझ्याबरोबर रेखाताई होत्या. त्या आष्ट्याच्या, रहिमतपुरात दिलेल्या. त्यांचा भाऊ नितीन फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आष्ट्याला शेती बघत होता. बायको आजाराने गेलेली, मूलबाळ नाही. रेखाताईंनीच विषय काढला.

नितीन दोनदा आमच्या घरी आला. माणूस बोलायला कमी. पण तन्वीने त्याला शाळेतली कविता ऐकवली तेव्हा ती संपेपर्यंत त्याने हातातला चहा ओठाला लावला नाही. मला तो आवडला. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं.

मी म्हणाले, "आई, मी त्यांना सांगणार आहे."

"काय?" म्हणाली, आणि मग तिला उमगलं. "बरं झालंय न्हवं ते? मग कशापाय उकरतीस? जखम भरल्यावर पट्टी सोडून कोण दावतं का?"

"उद्या दिवस गेले तर दवाखान्यात पुन्हा रक्त तपासतील."

"तवाचं तवा बघू."

तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. या एका आजारावरून लेकीचा मोडलेला संसार तिने पाहिला होता. आणि खरं तर आता माझ्यापासून कुणालाच काही होणार नव्हतं. डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं की हे होणाऱ्या नवऱ्याला सांगितलंच पाहिजे. पण मला दिसायचं ते असं, की दवाखान्यातून कुणीतरी नितीनला फोन करतंय, परकी बाई दार लावून त्याला सांगतेय, आणि तो बाहेर येऊन माझ्याकडे बघतोय. ती नजर मी एकदा पाहिली होती. पुन्हा पाहायची माझ्यात ताकद नव्हती.

काय बोलायचं ते मी रोपवाटिकेत पाठ केलं. कोबीच्या रोपांना मी ते इतक्या वेळा सांगितलं की त्यांना सगळं माहीत होतं.

ढोबळी मिरचीच्या ओळीत

रेखाताई मला आणि तन्वीला आष्ट्याला घर बघायला घेऊन गेल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी तन्वीला गोठ्यातलं वासरू दाखवायला नेलं. नितीन मला शेडनेटकडे घेऊन गेला. आत ढोबळी मिरची होती. झाडं दोरीला बांधायचं काम अर्धं राहिलं होतं. तो एका बाजूने बांधू लागला, मी दुसऱ्या बाजूने. मधे झाडांची ओळ. त्यामुळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती, आणि मला ते बरं वाटलं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "सुवर्णा, मगापास्नं बघतोय. तुमी एकच झाड बांधताय."

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणाले, "मला पहिल्या नवऱ्याकडून आजार झाला होता. सिफिलिस. तन्वीच्या वेळी कळला. इंजेक्शनं घेतली, बरा झाला. तन्वीला काही नाही. मलाही आता काही नाही."

तो म्हणाला, "गरमी म्हणत्यात ती?"

"हो."

"आता हाय?"

"नाही. पण रक्ताच्या एका तपासणीत त्याची खूण दिसते. कायमची."

"त्यानं काय हुतं?"

"काही होत नाही. नुसती दिसते."

त्याने हातातली गाठ पूर्ण बांधली. मग म्हणाला, "तुमी सांगितलं नसतं तर मला कवा कळलंबी नसतं."

"कळलं असतं. दवाखान्यात कळलं असतं. मला तसंच कळलं होतं. तुम्हाला तसं कळू नये असं वाटलं."

तो "मोटार बंद करून येतो" म्हणून बाहेर गेला. मोटार चालू नव्हती. हे मला माहीत होतं आणि त्यालाही. मी ओळ पुढे बांधत राहिले. तो परत आला नाही. शेवटी रेखाताईच चहाला बोलवायला आल्या. चहा घेताना तो तन्वीशी वासराबद्दल बोलला, माझ्याशी नाही. स्टँडवर सोडायला आला, एसटीत जागा धरून दिली आणि खाली उतरून गेला. तन्वी खिडकीतून हात हलवत होती. त्यानेही हलवला, पण तिच्यासाठी.

सांगून मन हलकं होतं असं म्हणतात. माझं झालं नाही. मला उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं. जे इतकी वर्षं माहेरी फक्त माझ्याकडे आणि आईकडे होतं, ते आता आणखी एका माणसाकडे होतं, आणि तो माणूस गप्प होता.

पुढे फोन आला नाही. आई "मी म्हणलं हुतं" असं म्हणाली नाही, पण रोज संध्याकाळी माझ्या फोनकडे बघायची. रोपवाटिकेत मला रेखाताईंची भीती वाटायची. त्या दोन बायांशी हसून बोलल्या तरी मी ट्रे उचलून लांब जाऊन बसायचे. एक दिवस त्याच जवळ येऊन म्हणाल्या, "काय गं, तुमचं काय बिनसलंय? नितीन काय बोलत न्हाई. इचारलं तर म्हणतोय, माझं मला बघू दे."

म्हणजे त्याने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. लग्न झालं नसतं तरी त्या एका गोष्टीसाठी मी त्याला मानलं असतं.

सांगलीचा दवाखाना

मग एका रविवारी तो स्वतःच आमच्या दारात आला. आई पाणी देऊन मागच्या अंगणात गेली, आणि जाताना तन्वीला सोबत घेऊन गेली. तो खुर्चीवर बसला.

"मला राग आला हुता," तो म्हणाला. "त्या माणसाचा आलाय असं मी मनाला समजावत हुतो. पर तुमचाच आला हुता. खोटं कशाला बोलू."

मी उंबऱ्यावर बसले.

"आमच्या युनिटमधी ह्याच्यावर लेक्चर व्हायचं. डॉक्टर साहेब फोटो दावायचे. आमी पोरं मागं बसून हसायचो. मीबी हसायचो. हे असलं बाहेरख्याली माणसाला हुतंय, एवढंच डोस्क्यात बसलेलं. घरात बसल्या बाईला हुतंय हे कवा मनातच आलं न्हाई."

मग त्याने सांगितलं की तो सांगलीला एका डॉक्टरकडे जाऊन आला. एकटाच. माझं नाव न घेता सगळं विचारलं. डॉक्टरांनी मी सांगितलं होतं तेच सांगितलं.

"पर डॉक्टरचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "बाहेर बोर्ड हुता, त्वचारोग आणि गुप्तरोग. लय गर्दी. मी कोपऱ्यात तोंड घालून बसलो. आष्ट्यातलं कोण बघंल का, हेच डोस्क्यात. मला काय झालेलं न्हाई, काय न्हाई, तरी घाम फुटला. दोनदा उठून जायला निघालो. तवा म्हणलं, ही बाई पोटुशी असताना अशी किती येळा एकटी बसली आसंल."

मी तोपर्यंत रडले नव्हते. दवाखान्यात दार लागलं तेव्हा नाही, वेगळ्या ताटात जेवताना नाही. तेव्हा मात्र मला थांबवता आलं नाही. तो उठून जवळ आला नाही. माझं होईपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, "आता दोघं जाऊ. माझंबी रक्त तपासायचं. तुमी सांगितलंसा, मग मी काय नुसतं ऐकून घ्यायचं का?"

आम्ही दोघं गेलो. त्याच कोपऱ्यात बसलो. त्याचे सगळे रिपोर्ट चांगले आले. माझे डॉक्टरांनी सांगितल्यासारखेच आले. एका तपासणीत खूण, आणि दुसरीत आजार नाही. डॉक्टरांनी त्याला ते नीट उलगडून सांगितलं आणि विचारलं, "काही शंका?" तो म्हणाला, "पोरं होताना काय अडचण?" डॉक्टर म्हणाले, "यानं काही नाही." बाहेर येऊन आम्ही भडंग घेतला आणि स्टँडपर्यंत चालत गेलो. लग्नाच्या तारखेचं बोलणं त्या वाटेवर झालं.

आणि नंतर

लग्नाला आता वर्ष उलटून गेलं. अजून दिवस गेलेले नाहीत. आमच्या दोघांशिवाय इकडे हे फक्त आईला माहीत आहे, रेखाताईंना आजही माहीत नाही. त्यांना सांगायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं. सगळ्यांना सगळं सांगावं असं मला वाटत नाही. ज्याच्यासोबत एका अंथरुणात आयुष्य काढायचं, त्याला सांगावं. तन्वी मोठी झाल्यावर तिला सांगेन, तिच्या जन्माची गोष्ट म्हणून.

लग्नानंतर मला एकाच गोष्टीचं भय होतं. आज ऐकून घेतलंय, पण भांडणात निघेल. माणूस रागात असला की हाताला लागेल ते फेकतो, आणि मी तर त्याच्या हातात आयता धोंडाच दिला होता.

ते भांडण मागच्या महिन्यात झालं. संतोषचा फोन आला होता की तन्वीला एकदा बघायचंय. मी नितीनला न विचारता तिला सातारला घेऊन गेले. हॉटेलात तासभर बसलो. तन्वी हात धुवायला गेली तेव्हा मी संतोषला विचारलं, "तू ती इंजेक्शनं पुरी केलीस का?" तो टेबलाकडे बघत म्हणाला, "केली. नंतर. पुण्याला." खरं की खोटं, मला सांगता येणार नाही. त्याने पहिल्यांदा "मला काय झालं न्हाई" असं म्हटलं नाही, एवढंच.

घरी आल्यावर तन्वीनेच नितीनला सगळं सांगितलं. ती खेळायला गेल्यावर तो माझ्यावर ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदाच. "त्या माणसाला भेटाय जातीस आणि मला सांगत न्हाईस? मी ह्या घरात कोण हाय? त्यानं तुझं काय केलंय ते इसरलीस का? त्यानं तुला..."

तिथे तो थांबला. पुढचा शब्द काय होता ते मला माहीत होतं. त्याच्या तोंडात आला होता तो. मी भिंतीला टेकून उभी होते.

त्याने तो शब्द गिळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला इचारून जायचं हुतं, सुवर्णा. एवढंच म्हणायचं हुतं."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

तो चप्पल घालून मिरचीकडे निघून गेला. अंधार पडायच्या आत परत आला. मी ताटं घेतली. तन्वीला भाजी तिखट लागली म्हणून त्याने तिच्या भाकरीवर आपल्या वाटणीचं दही घातलं, आणि आम्ही तिघं जेवलो.